गॅरेजमधली खुर्ची आणि बगळ्यांचा हंगाम

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गादीची, ऐसपैस, मोठ्या माणसाची खुर्ची येत असेल. मी तसली नाही. मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. अॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्या, त्यांवर हिरव्या-पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणलेल्या आणि हात टेकायला दोन लाकडी फळ्या, एवढाच माझा संसार. घडी केली की एका हाताने उचलावी आणि कुठेही न्यावी, हा माझा एकच तोरा.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. अर्लीनने मला घेतलं ते तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. तेव्हा आम्ही दोघी होतो, मी आणि माझी जोडीदारीण. एकीवर अर्लीन बसायची, दुसरीवर तिचा नवरा बर्नी. एरी तळ्याची वाळू, चार जुलैची स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक, पोरांची बारशी, सगळीकडे आम्ही हजर. पुढे शेजारच्या चेस्टरने गाडी मागे घेताना माझ्या जोडीदारणीचा चुराडा केला. ते त्याला अजून ऐकवलं जातं.

मग पेला ठेवायला खिसे असलेल्या कापडी खुर्च्या आल्या आणि मला गॅरेजच्या भिंतीवर टांगलं गेलं. कित्येक वर्षं मी तिथं धूळ खात होते. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू? बर्नी बंदरावर क्रेन चालवायचा, तो निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात त्याच्या वजनाने ती खिशांची खुर्ची फाटली. तेव्हा कुठे मी खाली उतरले.

आमच्या गल्लीत बेसबॉलचा सामना घरात बसून बघत नाहीत. गॅरेजचं दार अर्धं वर करायचं, रेडिओ लावायचा आणि ऐकायचं. आमच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. हे बगळे इतक्या इमानेइतबारे हरत आले होते, की 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द आमच्याकडे लोक निरोप घेताना म्हणतात. अर्लीनही त्यांच्यासाठी चाळीस वर्षं घसा फोडत आली होती. बर्नीपेक्षा तिला जास्त कळतं, असं चेस्टर म्हणायचा. बर्नी समोर नसताना म्हणायचा.

आता त्या हंगामाची गोष्ट सांगते. जूनमधली एक दुपार होती. बगळे सपाटून मार खात होते. बर्नी वैतागून धपकन बसला आणि माझी मधली पट्टी तटकन तुटली, पाठोपाठ शेजारच्या दोन. तो गुडघे वर करून खाली गेला. त्याच्या हातातली खारवलेली काकडी उडाली ती चेस्टरच्या टोपीवर. आणि त्याच क्षणी रेडिओवरचा निवेदक ओरडायला लागला. आपल्या एका गड्याने चेंडू थेट प्रेक्षकांत टोलवला होता. मग दुसऱ्याने. बघता बघता बगळे तो सामना जिंकले.

"उठू नकोस," चेस्टर म्हणाला. "आहेस तसाच बस."

"अरे, माझं बूड जमिनीला टेकलंय."

"टेकू दे. जिंकतोय ना?"

झालं. तिथून नियमच पडला. जिंकत असताना काही म्हणजे काही बदलायचं नाही. चेस्टरने डीप फ्रीजला टेकूनच उभं राहायचं. अर्लीनने बटाट्याचे पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, पाचव्या डावातच आणायच्या, आधी नाही, नंतर नाही. शेवटचा गडी बाद होईपर्यंत 'जिंकलो' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. आणि माझ्या तुटक्या पट्ट्या बदलायच्या नाहीत. अर्लीन दुसऱ्याच दिवशी नव्या पट्टीची गुंडाळी घेऊन आली, तर चेस्टर दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभा राहिला. शेवटी तिने गुंडाळी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. हसू नका, मित्रांनो. ही माणसं वेडी नव्हती. चाळीस वर्षं हरलेल्या माणसाला एकदा जिंकायला मिळालं, की तो हलायलासुद्धा भितो.

बगळे जिंकत राहिले आणि मी फाटकीच राहिले. एवढा मान मला नवी असतानाही मिळाला नव्हता. सामना संपला की चेस्टर माझ्या हातावर थोपटायचा. पण माझ्यावर बसणाऱ्याचं काहीतरी बिनसत होतं, ते मला सगळ्यांच्या आधी कळलं. टपालाच्या पेटीपर्यंत जाऊन आला तरी बर्नीला धाप लागायची. तो टेकला की त्याची धाप माझ्या नळ्यांमधून घुमायची.

ऑगस्टमध्ये अर्लीन त्याला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. हृदयाची झडप अरुंद झाली होती. ती बदलायची, आणि रेंगाळायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. गॅरेजमध्ये परत आल्यावर बर्नीने चेस्टरसमोर शब्द दिला, "बगळे हरून बाहेर पडले की दुसऱ्या दिवशी सकाळी भरती होतो." अर्लीन कबूल झाली. बगळे लवकरच हरणार, याबद्दल तिला काय, कुणालाच शंका नव्हती.

पण बगळे हरेनात. सप्टेंबर गेला आणि ते बाद फेरीत पोचले. पहिली फेरी जिंकले. गल्लीतल्या प्रत्येक घरावर निळा झेंडा लागला. आणि बर्नी गॅरेजच्या दारापासून माझ्यापर्यंत यायला मधे एकदा थांबायला लागला.

"आता तरी चल," अर्लीन म्हणायची. "रेडिओ तिथेही लावता येतो."

"अगं, जागा बदलली की संपलंच. एवढी वर्षं वाट बघितली, आता अंतिम फेरीला एकच पायरी राहिलीय."

"आणि तुला काही झालं तर? अंतिम फेरी मी काय थडग्यापाशी जाऊन सांगू?"

यावर बर्नी रेडिओचा आवाज वाढवायचा. मला मात्र एक गोष्ट जाणवायची. ऑपरेशनचा विषय निघाला, की त्याची बोटं माझ्या लाकडी फळीला घट्ट धरायची. माणूस घाबरला होता. बगळ्यांच्या आड लपला होता.

शेवटी निर्णायक सामन्याचा दिवस आला. सामना दुपारी होता, समोरच्यांच्या मैदानावर. जिंकले तर अंतिम फेरी, म्हणजे बर्नीचं ऑपरेशन आणखी लांबणीवर. हरले तर उद्या सकाळी इस्पितळ.

सकाळी बर्नी वर झोपलेला असताना अर्लीन एकटी गॅरेजमध्ये आली. ती माझ्यावर बसली आणि तिचंही बूड खाली टेकलं. थोडा वेळ ती तशीच बसून होती. मग म्हणाली, "देवा, आज हरू देत रे त्यांना." चाळीस वर्षांत तिने असं कधी मागितलं नव्हतं. म्हणाली आणि रडली.

मग ती उठली. खिळ्यावरची गुंडाळी काढली. एक पट्टी कापली, टोक त्रिकोणी दुमडलं, आणि जिथे मी सगळ्यात जास्त खचले होते तिथे स्क्रूने घट्ट बसवली. एकच पट्टी. वरून जुना टॉवेल टाकला, तो रोजच असायचा. गुंडाळी परत खिळ्यावर गेली.

सामन्याच्या वेळी बर्नी आला आणि बसला. क्षणभर थांबला. त्याचा हात टॉवेलखाली गेला, नवी पट्टी त्याने अंगठ्याने चाचपली. हात काढून घेतला आणि म्हणाला, "चेस्टर, आवाज वाढव."

मित्रांनो, बगळे काय सुंदर खेळले त्या दिवशी. पाचव्या डावात पिरोगी आले आणि बगळ्यांची आघाडी झाली. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात ते एका धावेने पुढे होते. समोरच्यांचे दोघे गडी तळांवर धावायला टपलेले, दुसरे दोघे आधीच बाद, आणखी एकच गडी बाद करायचा बाकी. चेंडू उंच उडाला, सरळ आपल्या पेन्याकडे. पेन्या म्हणजे सगळ्या गल्लीचा लाडका पोरगा. वर्षभर त्याने असा एकही चेंडू सोडला नव्हता.

"जिंकलो रे बाबांनो," चेस्टर म्हणाला.

चेंडू उन्हात गेला. पेन्याने डोळ्यांवर हात धरला, एक पाऊल मागे, एक पुढे, आणि चेंडू त्याच्या पायाशी पडला. समोरचे दोघेही धावत शेवटच्या तळावर पोचले, दोन धावा झाल्या. सामना तिथंच संपला. रेडिओतून नुसता दुसऱ्यांचा जल्लोष येत होता.

चेस्टरने टोपी काढली आणि पांढऱ्या चेहऱ्याने डीप फ्रीजला टेकला. अर्लीन ओंजळीत तोंड लपवून हुंदके देत होती. बर्नीने हात लांब करून तिची पाठ थोपटली. "अगं, रडतेस काय? खेळ आहे. पुढच्या वर्षी." तिने मान हलवली. ते दुःखाचं रडू नव्हतं, हे मला माहीत होतं. आणि तिला माहीत नव्हतं ते असं, की चेंडू पडला तेव्हा बर्नीचं सगळं अंग सैल झालं होतं. उन्हाळ्यापासून घट्ट धरलेली माझी फळी त्याने सोडली.

बाहेर गल्लीत एकामागून एक गॅरेजची दारं खाली येत होती. कुणी कुणावर ओरडलं नाही. समोरच्या घरातल्या बाईने झेंडा उतरवला, घडी केली आणि थोड्या वेळाने पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्नी दिलेल्या शब्दाप्रमाणे इस्पितळात गेला. झडप बदलली. ती वेळेत बदलली, आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर अर्लीनला म्हणाले. हे मला चेस्टरकडून कळलं. तो मांजराला खायला घालायला यायचा आणि मग माझ्यासमोर बादली उपडी टाकून बसायचा.

हिवाळाभर बसला. पेन्याला त्याने एकदाही शिवी दिली नाही. "पोराचा काय दोष?" तो मला म्हणायचा. "तोंड माझं सुटलं. शेवटचा गडी बाद व्हायच्या आधी बोललो मी. सगळ्या गावाचं वाटोळं केलं." तो सिनेमाला गेला नाही, नाताळात गायला गेला नाही. खारवलेली काकडी तर त्याने सोडूनच दिली. मला बोलता आलं असतं, तर मी त्याच पहिल्या दिवशी सांगून टाकलं असतं.

एप्रिल आला. बर्फ वितळलं, गॅरेजचं दार अर्धं वर झालं. बर्नी चालत आला, मधे न थांबता. चेस्टर मात्र फ्रीजपाशी न जाता दाराबाहेरच उभा राहिला.

"आत ये की," बर्नी म्हणाला.

"नको. मी बाहेरूनच ऐकतो. माझ्यामुळे एकदा व्हायचं ते झालंय."

बर्नीने अर्लीनकडे पाहिलं, मग माझ्यावरचा टॉवेल ओढून काढला. जुन्या, विटक्या पट्ट्यांमध्ये एक नवी कोरी हिरवीगार पट्टी.

"ही त्या दिवशी सकाळी बसवलेली आहे," तो म्हणाला. "तू तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी."

अर्लीनचा चेहरा उतरला. "तुला माहीत होतं?"

"बसल्या बसल्या कळलं. सगळा उन्हाळा जमिनीवर घासणारं बूड, त्या दिवशी अधांतरी. न कळायला काय झालं?"

"मग काढली का नाहीस?"

बर्नीने त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. "काढावीशी वाटेना. हरलो तेव्हा मला बरं वाटलं, अर्लीन. फार बरं वाटलं, टाळायला आता काही उरलं नाही म्हणून. तू रडत होतीस म्हणून बोललो नाही."

"अरे, मी तरी कशाने रडत होते?" ती म्हणाली, आणि तिथंच माझ्या हातावर बसून हसायला लागली.

चेस्टर एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा कायमचा तोंड फिरवणार. तो हळूहळू आत आला आणि बादलीवर बसला.

"म्हणजे मी नव्हे," तो म्हणाला.

"तू नव्हेस."

"नवराबायको मिळून तुम्ही सामना घालवलात, आणि सहा महिने मी काकडी खाल्ली नाही." त्याने टोपीने डोळे पुसले. "हरामखोरांनो. जिवंत आहेस ते बरंय, नाहीतर मीच मारला असता तुला." मग त्याने खिळ्यावरची गुंडाळी काढली. "घ्या, उरलेल्या पट्ट्याही बदलून टाका. मी धरतो."

तिघांनी मिळून मला नव्याने विणलं. चेस्टरने नळ्या धरल्या, अर्लीनने पट्ट्या ओढल्या, बर्नीने स्क्रू आवळले. आणि बगळे हंगामाचा पहिलाच सामना वाईट हरले. चेस्टरने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "खबरदार," बर्नी म्हणाला, "खुर्चीला हात लावायचा नाही." तो एवढं ओरडून बोलला, तरी माझ्या नळ्यांमध्ये धाप घुमली नाही.

मित्रांनो, नव्या पट्टीमुळे कुणी सामना हरत नाही आणि फाटक्या खुर्चीमुळे जिंकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्याही घरात कुठेतरी खिळ्यावर अशी एक गुंडाळी लटकत असेल. सगळं छान चाललंय, आत्ता नको, नंतर बघू, असं म्हणून ठेवलेली. ती आजच खाली काढा. आणि ज्यांच्या मांडीवर तुम्ही लहानाचे मोठे झालात, त्यांना धाप लागते का, तेही जरा कान देऊन ऐका.