सोनेरी मोराची चौकट

सीताबर्डीत मोबाइलच्या दुकानांवरच्या मजल्यावर चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत आला होता. आत तेजनाथ महाराजांनी एका पोराच्या मोबाइलवर भगवा रुमाल टाकला, रुमालाखाली बोटं फिरवली, "ओम् अपग्रेडाय नमः" पुटपुटले आणि रुमाल उचलला. पोराच्या गेमिंग प्रोफाइलभोवती चौकट आली होती आणि तिच्यात सोन्याचा मोर पिसारा हलवत होता. खात्यातले पॉइंट मात्र शून्य!

गर्दीने टाळ्या पिटल्या.

"पॉइंट म्हणजे माया," महाराज म्हणाले. "माया माझ्या प्रोफाइलले अर्पण करा, मोर आपोआप येते. फक्त ॲप बंद करायचं नाही. अन् अमावास्येपर्यंत दुसऱ्याच्या मोबाइलवर आपली चौकट पाहायची नाही. दृष्ट लागते!"

गर्दीतली सोनिका घुटमळली. शाळेपासून खेळून जमवलेले पॉइंट, तरी मोर विकत घ्यायला अजून निम्मे कमी पडत होते. तिने आणि तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीने, वैभवीने, तो एकाच दिवशी लावायचं ठरवलं होतं. वैभवीला मात्र महाराजांकडून आधीच मिळाला होता.

"काहून भेऊन राहिली वं? माझा आला ना!" वैभवी म्हणाली.

सोनिकाने सगळे पॉइंट दिले. मोर आला.

दोनच दिवसांत मोबाइलची बॅटरी संपली. पुन्हा सुरू केला, तर मोर गायब. वैभवीला फोन लावला.

"तुझीच श्रद्धा कमी पडली असन," म्हणून तिने फोन ठेवून दिला.

सोनिकाचे रडून लाल झालेले डोळे आईच्या नजरेतून सुटले नाहीत. मेघाताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुम्हा दोघींची प्रोफाइलची पानं माझ्या मोबाइलवर उघड."

"दृष्ट लागते, आई."

"माझी? मी माय आहो वं तुझी!"

वैभवीच्या पानावर मोर थुईथुई नाचत होता. खाली लिहिलं होतं : तेजनाथ यांची भेट. सोनिकाचं पान उघडंबोडकं.

"विकत घ्यायच्या आधी चौकट लावून पाहता येते का?" आईने विचारलं.

सोनिकाचं बोट थबकलं. "येते. पण ती फक्त आपल्यालाच दिसते. ॲप बंद केलं की जाते."

"म्हणजे दुकानात आरशासमोर साडी खांद्यावर टाकतात, तसं. तेवढ्यानं साडी आपली होते का? अन् पॉइंट मात्र खरोखरच गेले."

रविवारी महाराजांच्या भरल्या दरबारात सोनिका उभी राहिली. "दृष्ट लागली तर मले लागू द्या. सगळ्यांनी आपापलं पान शेजाऱ्याच्या मोबाइलवर उघडा."

आधी कुजबुज, मग शिव्या. एकाही पानावर मोर नव्हता. होता तो फक्त वैभवीच्या.

"नेटवर्क अशुद्ध झालं आहे," म्हणत महाराज रुमालासकट जिन्याकडे सरकले. पोरांनी वाट अडवली.

वैभवी जवळ आली. "गिऱ्हाईक आणलं तर मोर खरा देतो म्हणाले. तुले तर दिसत होता ना मोर? खूश होती तू."

"मले दिसत होता. तुझ्या मोबाइलवर तुले माझं पान रोज कसं दिसत होतं वं?"

वैभवीने आपला मोबाइल पाठीमागे लपवला.

तपासू नका, असं कोणी सांगितलं की तिथूनच तपासायला सुरुवात करावी. भरवसा देणारी जिवाभावाची मैत्रीण असली, तरीही.