त्रेसष्टची फळी

फळी खिडकीच्या चौकटीत ठेवली आणि ती सरळ खाली पडली, ती नेमकी तिच्या पायाच्या अंगठ्यावर. तिनं अंगठ्याकडे पाहिलंच नाही. आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"झालं? पुन्हा आखूड!"

नवरा शिडीवर उभा राहून वाशाला खिळे ठोकत होता. त्यानं तोंडातले खिळे एकेक करून बाहेर काढले, खिशात टाकले आणि खाली उतरला. खाली पडलेली फळी उचलून काखेत धरली.

"माझंच चुकलं," तो म्हणाला.

"तुमचंच चुकणार. दुसरं आहे कोण इथे? अस्वल?"

दुसरं खरोखरच कोणी नव्हतं. गाडीचा रस्ता खाली ओढ्यापाशी संपत असे आणि तिथून वर पाऊण तासाची चढण होती. या घराची एकूण एक फळी त्या दोघांच्या खांद्यावरून वर आली होती. पाच वर्षं दर शनिवारी पहाटे निघायचं आणि रविवारी अंधार पडायच्या आत परतायचं. नातेवाईक हसत. लोक सुट्टीला आराम करायला डोंगरावर जातात, हे दोघं हमाली करायला जातात, असं तिची नणंद चारचौघांत सांगत असे. सांगू दे. थंडीच्या आधी दोन्ही खिडक्या लागल्या, की तिला पहिल्यांदा या घरात दार लावून झोपायचं होतं. आणि इथे खिडकीखालची साधी एक फळी तीन बोटं आखूड निघत होती.

"या उन्हाळ्यापासूनची ही कितवी?"

"सहावी असेल."

"आठवी. मी मोजतेय."

"लाकूड जरा आटतं गं..."

"लाकूड आटतं? नाचता येईना अंगण वाकडं! सकाळी कापलेली फळी तासाभरात तीन बोटं आटली? मी आकडा लिहून देते तो बघत नाही तुम्ही. करवत हातात आली की तुमचं डोकं जातं लिफ्टमध्ये."

तो लिफ्ट दुरुस्त करत असे. एरवी हातचा पक्का माणूस, पण माप घ्यायचं म्हटलं की त्याचा सगळा कारभार अंदाजपंचे. पहिल्या वर्षी दाराचं माप त्यानं घेतलं आणि ते दार अजूनही उघडताना जमिनीला घासून ओरडत असे. त्याच दिवशी तिनं त्याच्या हातातून टेप काढून घेतली होती. ती शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होती. कापडाचे चाळीस थर एकावर एक ठेवून एकदाच कापायचे. आकडा चुकला तर एक शर्ट नाही, चाळीस शर्ट गेले. वीस वर्षांत तिचा आकडा चुकला नव्हता. म्हणून कायदा ठरला: माप ती घेणार, शिंप्याच्या निळ्या खडूनं फळीवर मोठ्ठा आकडा लिहिणार, आणि त्यानं तोंड बंद ठेवून कापायचं.

"आता ही पण जाळा," ती म्हणाली. "जाळा आणि शेकत बसा."

फळी तशीच काखेत दाबून तो बाहेर गेला. खडूची बाजू अंगाकडे होती. दर रविवारी त्याच्या शर्टाच्या डाव्या कुशीला निळा डाग असायचा आणि सोमवारी तो घासताना ती पुटपुटायची, की या माणसाला साधी फळीसुद्धा सुलटी धरता येत नाही.

तो ओढ्यावर पाणी आणायला उतरला. तेवढ्यात आपणच दुसरी फळी काढून ठेवावी म्हणून ती घरामागे गेली. लाकडं तोच लावून ठेवी, ती या बाजूला फारशी फिरकत नसे. नव्या फळ्यांच्या पलीकडे भिंतीला लागून एक ताडपत्री होती, चारी टोकांना दगड ठेवलेली. एवढी काळजी कशाची घेतली आहे, म्हणून तिनं एक दगड बाजूला केला.

खाली आठ फळ्या होत्या. लांबीप्रमाणे ओळीनं लावलेल्या, वर आत्ताची. एकही जाळलेली नव्हती. जाळणार कसा? वाकडा खिळा सरळ करून डब्यात ठेवणारा माणूस तो. चांगलं लाकूड शेगडीत घालायला त्याचा हात धजला नव्हता. तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की खोटं बोलायलासुद्धा याला नीट येत नाही.

मग तिला आकडे दिसले. निळे, थोडे पुसटलेले, तिच्याच हातचे. वरच्या फळीवर त्रेसष्ट. तिनं सवयीनं त्यावर वीत टाकली. कटरची वीत म्हणजे वीस सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. तीन विती आणि वर दोन बोटं. त्रेसष्ट. तिनं लिहिलं होतं तितकंच त्यानं कापलं होतं, केसाचाही फरक नाही.

खालची फळी काढली. आकडा तेहेतीस, फळी तेहेतीस. तिसरी एकशे तीन. तीही बरोबर. सगळ्या आठ फळ्या तिनं जमिनीवर मांडल्या आणि विती टाकत गुडघ्यांवर सरकत गेली. आठही बरोबर होत्या. प्रत्येक आकड्यात कुठे ना कुठे एक तीन होता.

ती उठली आणि खिडकीपाशी आली. चौकटीत वीत टाकली. तीन विती आणि वर पाच बोटं. मग टेप लावली आणि वाचली. त्रेसष्ट. कोणी विचारलं असतं तर तिनं शपथेवर सांगितलं असतं, त्रेसष्ट. टेप तशीच चिमटीत पकडून ती उन्हात आली, नाकाजवळ नेली, डोळे बारीक केले. इंग्रजी तीनची उघडी बाजू हळूहळू मिटत गेली आणि त्याचा आठ झाला.

ती पायरीवर बसली नाही, रडलीही नाही. तिला राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

नवरा दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन वर आला. जमिनीवर मांडलेल्या फळ्या बघून तो तिथेच थांबला. कॅन खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"कॅन ठेवू का?"

"ठेवा. कधीपासून?"

"तिसऱ्या फळीपासून," तो म्हणाला. "आधी वाटलं, होतं एखाद्या वेळी. मग एकदा तू खाली गेलीस तेव्हा मी परत माप घेतलं."

"आणि मग?"

"मग फळी आखूड निघाली की गुपचूप खरं माप घेऊन दुसरी कापून लावायचो."

"आणि शिव्या खायचात."

"तेवढं काय! मला सवय आहे."

"मला सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला? मूग गिळून बसलात?"

"तू चिडली असतीस."

"चिडले असते?" तिचा आवाज एकदम चढला आणि समोरच्या कड्यावरून अर्धामुर्धा परत आला. "उन्हाळ्यापासून मी दुसरं काय करतेय? दर शनिवारी तुमच्यावर चिडतेय! तुमच्या बहिणीला फोन करून सांगितलं मी, याला काही जमत नाही म्हणून!"

"ते ऐकलं मी."

"ऐकलंत आणि गप्प बसलात!"

तो खाली बसला. हाताच्या तळव्यावर कॅनच्या मुठीचे वळ उठले होते, ते चोळत राहिला. "त्याच महिन्यात तुला मुख्य कटर केलं होतं," तो म्हणाला. "तू पेढे... नाही, काय ते, केक आणला होतास. कसं सांगू? म्हटलं, इथल्या चार फळ्या चुकल्या तर कोणाचं काय जातंय? माझं तर काही बिघडलं नाही."

ती तेहेतीसच्या फळीकडे बघत होती.

दोन महिन्यांपूर्वी कारखान्यात कॉलरचा एक गठ्ठा परत आला होता. अडतीसच्या कॉलरी तेहेतीसच्या कापल्या गेल्या होत्या. पूर्ण चाळीस. एकाही पोराच्या मानेला बसेनात. मालकीणबाईनं दोघी कटरना समोर उभं केलं. एक ही. दुसरी चष्मेवाली. जाड भिंगांमुळे सगळा कारखाना तिला त्याच नावानं हाक मारायचा आणि तीही ओ द्यायची. कोणत्या टेबलावर कापल्या, हे गर्दीच्या दिवसांत कोणाला आठवत नव्हतं. चष्मेवाली म्हणाली होती, मला खात्रीनं सांगता येत नाही. हिला मात्र खात्री होती. हिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की माझा आकडा चुकत नाही, आणि बरणीच्या बुडासारखे चष्मे लावून कटिंग करू नये माणसानं. दोनचार जणी हसल्या होत्या. मालकीणबाईनं चष्मेवालीला काढलं. तिनं आपली कात्री फडक्यात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि ती निघून गेली. तेवीस वर्षं होती ती तिथे. हिला कात्री धरायला तिनंच शिकवलं होतं.

"कॉलरचं मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि नवऱ्यानं मान वर केली, कारण हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. "त्याच दिवशी. आपण जेवायला बसलो होतो. चष्मेवालीनं चाळीस कॉलरी बिघडवल्या, तिला काढलं, असं मी सांगितलं. तेहेतीस आणि अडतीस हे दोन्ही आकडे सांगितले. आठवतंय?"

"हो."

"तुम्हाला तेव्हाच कळलं?"

त्यानं तळवे चोळणं थांबवलं.

"कळलं का, विचारतेय मी."

"कळलं."

"तुम्ही काय म्हणालात तेव्हा? आठवतंय काय म्हणालात?"

तो तळव्यांवरचे वळ बघत राहिला.

"मीठ दे म्हणालात."

खाली ओढ्याचा आवाज येत होता. तो काहीतरी बोलायला गेला, की तुझी नोकरी, की या वयात, की मला वाटलं तिला दुसरीकडे मिळेल. अर्धं अर्धं बोलून त्यानं सोडून दिलं. तिनं ऐकून घेतलं. त्याच्या बोलण्यात प्रेम होतं हे तिला कळत होतं आणि त्याचाच तिला संताप येत होता. चार शिव्या याच्या पाठीवर विरून गेल्या, याला ओरखडाही उमटला नाही. पण जिच्या डोक्यावर तिनं खापर फोडलं होतं तिच्यासाठी पडती बाजू घ्यायला घरी कोणी नव्हतं. चष्मेवाली एकटी राहायची. आणि खापर फोडणारा हात नवऱ्याचा नव्हता, हेही तिला कळत होतं. ते कळणं सगळ्यात वाईट होतं.

"सोमवारी कितीचं कटिंग आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"सोमवारी मी कात्रीला हात लावणार नाही."

ती आत गेली. दार घासून ओरडलं. तिनं करवत, गुण्या, हातोडी पिशवीत भरली, शेगडीवरचा चहा तसाच ओतून टाकला, आपली पर्स खांद्याला अडकवली. बाहेर येऊन तिनं फळ्या परत ताडपत्रीखाली लावल्या, त्याच्यासारख्याच, लांबीप्रमाणे, आणि चारी टोकांना दगड ठेवले. सातच ठेवल्या. तेहेतीसची तिनं काखेत धरली.

"आता कुठे?" तो म्हणाला. "आज शनिवार आहे. खिडकी उघडी राहील."

"राहू दे उघडी. आजच उतरायचं."

"अगं पण रात्री पाऊस आला तर..."

"येऊ दे. भिजू दे सगळं."

उतरताना ती पुढे होती. एरवी ती त्याला दगड दाखवत, सांभाळा सांभाळा करत उतरायची. आज पायाखाली बघून, एकेक पाऊल चाचपून ठेवत होती आणि एका ठिकाणी, जिथे मुळं वर आली होती, तिथे ती थांबली. त्यानं मागून हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. तो पुढे झाला तेव्हा मात्र त्याच्या खांद्यावर हात टेकला, भिंतीवर टेकावा तसा, आणि तेवढी जागा ओलांडल्यावर काढून घेतला.

गाडीत बसल्यावर तिनं फळी मांडीवर आडवी ठेवली. त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"घरी ना?"

"चष्मेवालीकडे."

"आज? असं अचानक? काय सांगणार आहेस तिला?"

"तिला सांगायचं ते मी सांगेन. मालकीणबाईला सोमवारी सांगेन. तुम्ही गाडीत बसायचं नाही, माझ्याबरोबर वर यायचं. मीठ मागायचं नाही."

त्यानं मान हलवली. "घर माहीत आहे तुला?"

तिनं पर्समधून लहान वही काढली. कारखान्यातल्या सगळ्या जणींचे पत्ते होते तीत, आणि हे पान चष्मेवालीनं स्वतः लिहिलं होतं, मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक अक्षरात. पान सापडलं. तिनं वही जवळ आणली. लांब नेली. काचेतून येणाऱ्या उन्हात तिरकी धरली. मग नवऱ्यापुढे केली.

"तुम्ही वाचा," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

त्यानं खिशातून आपला चष्मा काढला, शर्टाच्या कुशीला पुसला, तर काचेला निळा खडू लागला. त्यानं तो दुसऱ्या बाजूनं परत पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पत्त्याची पहिली ओळ मोठ्यानं वाचली.