एका हौदाचं पाणी

सोसणं हा आमच्या गावाचा जुना गुण, आणि फुसाए त्यात गावाच्याही चार पावलं पुढे.

डायलिसिसहून घरी आली की तिच्या छातीत पाखरू अडकल्यागत फडफड होई, पायांतलं बळ जाई. नवरा तोकुजिरो विचारी, "कसं वाटतंय?" ती म्हणे, "छान." आणि बूट काढायच्या निमित्ताने दाराशीच बराच वेळ बसून राही.

तोकुजिरोही कमी नव्हता. पोटॅशियम वाढू देऊ नका, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलेलं. तेव्हापासून तो भाजी उकळी, पोटॅशियम उतरलेलं पाणी ओतून देई आणि पुन्हा उकळी. परसातल्या पर्सिमॉनच्या झाडाची नारिंगी फळंही पोटॅशियमवालीच; ती तो शेजाऱ्यांना वाटून टाकी, बायकोच्या नजरेला पडू नयेत म्हणून. रक्ततपासणीत पोटॅशियमचा आकडा उतरला की दोघं पहिला नंबर आल्यासारखी खूश होत. कमी ते चांगलं, मग आणखी कमी ते आणखी चांगलं, असा साधा हिशोब!

दवाखान्यात सगळ्या पलंगांना डायलिसिसचं द्रावण एकाच टाकीतून येई. शेजारच्या पलंगावर कुरामोची आजोबा असत. त्यांनी जन्मभर गरम पाण्याच्या हौदांचं सार्वजनिक स्नानगृह चालवलेलं. फुसाए छातीवर हात दाबते, हे त्यांनी हेरलं आणि नर्सला सांगा म्हणून तिच्या मागे लागले.

"सगळ्यांना चालतं ते मलाच कसं चालत नाही?" ती पुटपुटली. "उगाच लोकांना त्रास."

"फुसाएसान, माझ्याकडेही सगळे एकाच हौदात उतरायचे. पाणी कढत आहे म्हणणाऱ्याला मी कोपऱ्यातला कोमट हौद दाखवायचो, राग नाही यायचा. पण एक बाई होत्या, तुमच्यासारख्याच गुणी. गप्प बसल्या आणि गप्पच बेशुद्ध पडल्या. मग अर्धी गल्ली ओल्या अंगाने धावली. आता सांगा, त्रास कुणी दिला?"

फुसाएला हसू फुटलं. हसताना छाती पुन्हा फडफडली, तेव्हा मात्र तिने हात वर केला.

हृदयाचा आलेख निघाला, रक्त तपासलं गेलं. डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं. रक्तात पोटॅशियम आधीच कमी, द्रावणात त्याहून कमी. मग ते रक्तातून आणखी ओढलं जातं आणि हृदयाची लय चुकते. "तुम्ही दर वेळी छान म्हणालात," ते ओशाळून म्हणाले, "आणि मीही तेवढ्यावर भागवलं."

कोपऱ्यातल्या पलंगाला वेगळं यंत्र लागलं, त्यात तिच्यापुरतं जुळवलेलं द्रावण. फुसाएने सगळ्यांची माफी मागितली. यंत्रालाही वाकून नमस्कार केला. तोकुजिरो मात्र मान खाली घालून बसला होता.

"म्हणजे मीच उकळून उकळून तुला..."

"अहो, मायेनेच उकळलंत ना?"

आहाराचं गणित नव्याने बसलं. त्या शरदात डॉक्टरांना विचारूनच तोकुजिरोने पर्सिमॉनची एक पातळ फोड तिच्या बशीत ठेवली.

"कसं वाटतंय?"

'छान' ओठांवर आलं होतं. ती थांबली.

"थोडं तुरट आहे."

तोकुजिरोचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी बायकोने त्याला खरं उत्तर दिलं होतं.

मंडळी, टाकी एक असली तरी रक्त ज्याचं त्याचं वेगळं असतं. द्रावणात काय किती, हे डॉक्टर ठरवतील. पण आत काय होतंय ते सांगायला तुमच्यावाचून कुणी नाही. दुखणं बोलून दाखवणं म्हणजे कुणाला त्रास देणं नव्हे. आपल्या माणसांवर टाकलेला तो विश्वास आहे!