दोन नावांचा बिल्ला

मी बिल्ले दाबण्याचे एक जुने यंत्र आहे. ओतीव लोखंडाचा देह, डोक्यावर लांब दांडा आणि पोटात दोन साचे. हल्ली मी होल्ट्सबर्गच्या वाचनालयाच्या तळघरात उभा असतो. मित्रांनो, एके काळी मी या देशाच्या निवडणुका लोकांच्या छातीवर टाचल्या आहेत. त्यातली एक निवडणूक मला विसरता येत नाही. आज तिचीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून निघालो तेव्हा माझ्या अंगावर इतके कंगोरे होते, की एका कारागिराने दोन दिवस कानस चालवली आणि दोन्ही दिवस मला शिव्या घातल्या. मग आगगाडीने मी आयोवात आलो, मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या या गावात. पक्षाच्या जिल्हा कचेरीने मला विकत घेतले होते. कचेरी म्हणजे जोड्यांच्या जुन्या दुकानामागची एक खोली. तिच्या भिंतींना चामड्याचा वास येई, आणि खिडकीतून चर्चचे अर्धे छप्पर दिसे.

माझे काम सोपे आहे. खालच्या साच्यात पत्र्याची वाटी ठेवायची, तिच्यावर छापील कागदाची चकती, चकतीवर पारदर्शक पापुद्रा. दांडा ओढला की तिन्ही एक होतात. मग मागची पिन ठेवून दुसरा दाब द्यायचा. दोन दाबांत एक बिल्ला. कडा एकदा दुमडली की ती पुन्हा उघडत नाही. जोर केला तर बिल्लाच वाकतो. मला दाबता येते, सोडवता येत नाही.

चर्चची पन्नास वर्षे, मक्याची जत्रा, शाळेच्या संघाचा विजय, असे कितीतरी बिल्ले मी दाबले. लोक म्हणत, "आपल्या यंत्राची कड बघा, नखालासुद्धा लागत नाही." असे ऐकले की मला दांड्यापासून तळापर्यंत बरे वाटे.

पण माझे खरे मोल चार वर्षांतून एकदा कळे. आमच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक कोणी एकट्याने लढवत नाही. उमेदवार आपला जोडीदार निवडतो, जिंकल्यावर तो उपाध्यक्ष होतो, आणि मत पडते ते जोडीला. म्हणून माझ्या चकतीवर दोन नावे असत. वरचे ठसठशीत, खालचे बारीक. मला आधी वाटे, खालचे नाव म्हणजे पानातली कोशिंबीर, असली काय नि नसली काय. पण लोकांना टोपलीतून बिल्ले उचलताना पाहत गेलो आणि माझे मत बदलले. वरचे नाव वाचून लोक हात पुढे करत. खालचे नाव वाचून तो हात बिल्ला उचले, नाहीतर खिशात परत जाई. वरच्याने अजून राज्य केलेले नसते. माणसे निवडण्याची त्याची अक्कल पाहायची तर लोकांसमोर तेवढे एकच खालचे नाव असते.

माझा दांडा ओढणारे हात सिग्ने टोलफसनचे होते. ती शाळेत गणित शिकवायची आणि शाळा सुटली की कचेरीत यायची. लग्न तिने केले नव्हते. आईबाप लवकर गेल्यावर धाकट्या भावाला, एनारला, तिनेच वाढवले. हा एनार पुढे आमच्या राज्याचा गव्हर्नर झाला. पण गावी आला की तो आधी या मागच्या खोलीत येई, खोक्यावर बसे, आणि सिग्नेने डब्यात आणलेली बटाट्याची पातळ पोळी लोणी-साखर लावून खाई. पहिली पोळी नेहमी करपलेली असे, आणि तीच गव्हर्नरांच्या वाट्याला येई. चांगल्या पोळ्या पाहुण्यांसाठी असतात, असे सिग्नेचे म्हणणे.

त्या वर्षी वसंतात एका दुपारी तो असाच खोक्यावर बसला होता. बोलता बोलता त्याची नजर थिजली, आणि तो खाली कोसळला. हातपाय झटके देऊ लागले, आणि माझ्या फळीवरच्या चकत्या जमिनीभर पसरल्या. सिग्ने ओरडली नाही. तिने दार लावले, त्याला कुशीवर वळवले आणि घड्याळाकडे बघत त्याच्याजवळ बसली. तीन मिनिटांनी त्याने डोळे उघडले आणि पहिले काय विचारले असेल?

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही," सिग्ने म्हणाली.

मी पाहिले होते. पण लोखंडाला कोणी मोजत नाही.

एनारला लहानपणापासून फिट यायची, वर्षातून एखादी. त्या काळी फिट येणाऱ्या माणसाला लोक वेड्यांच्या रांगेत बसवत. लागलेली नोकरी जाई, ठरलेले लग्न मोडे. म्हणून आईने मरताना दोघांना बजावले होते की ही गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. सिग्नेने ती चाळीस वर्षे सांभाळली.

उन्हाळ्यात पक्षाचे अधिवेशन भरले. सिनेटर व्हिटकम यांचे नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी ठरले. ते पूर्वेकडचे श्रीमंत गृहस्थ. आमचे शेतकरी म्हणत, यांना गाय कुठल्या टोकाने चरते तेही दाखवावे लागेल. तेव्हा मक्याच्या मुलखातला एखादा जोडीदार त्यांना हवाच होता. त्यांनी आधी दुसऱ्याच दोन पुढाऱ्यांना विचारले, दोघांनी नकार दिला. दुपारी चारपर्यंत नाव जाहीर करायचे होते. तेव्हा रीतच तशी होती. वरचे नाव ठरवायला वर्ष जाई, आणि खालचे एका दुपारी उरकत.

अडीच वाजता कचेरीतला फोन वाजला. सिनेटरचा माणूस, हॅरिगन, अधिवेशनाच्या गोंगाटातून बोलत होता. त्याचा आवाज इतका मोठा होता की माझ्यापर्यंत शब्दन् शब्द येत होता.

"मिस टोलफसन, वेळ नाहीये, सरळ विचारतो. तुमच्या भावाचं आम्हाला कळायला हवं असं काही आहे? दारू, लफडं, आजारपण?"

सिग्नेने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तक्रार करण्यासारखं काही नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, इथे मला आमच्या लोकांची एक रीत सांगितली पाहिजे. आमचे लोक मूळचे नॉर्वेचे. यांना कॉफी विचारा, पहिल्यांदा नको म्हणतील. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा विचारलेत तर "बरं, अर्धा कप" म्हणून दोन कप पितील. मनातली गोष्टही ते तशीच देतात. गावातल्या कोणीही सिग्नेचे ते उत्तर ऐकून "नक्की ना?" म्हटले असते, आणि मग आणखी एकदा. ती रिसीव्हर कानाला लावून उभी होती. तिचे ओठ उघडलेले मला दिसत होते. पण हॅरिगन पडला पूर्वेचा. "झकास," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. सिग्ने त्या मुक्या रिसीव्हरकडे बघत राहिली. मग तिने तो हळूच जागेवर ठेवला आणि साचे पुसायला घेतले. ते आधीच पुसलेले होते.

संध्याकाळी रेडिओवर एनारचे नाव आले, आणि गावात नुसता जल्लोष झाला. पुढचे पाच आठवडे मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. वर व्हिटकम, खाली टोलफसन. धान्याच्या कोठारावर काम करणारा गुंडर लीन आयुष्यात कधी बिल्ला लावत नसे. त्याने दोन नेले. "खालच्यासाठी वरच्याला सोसू," तो म्हणाला. आमच्यासारख्या सगळ्या शेतीच्या राज्यांत सिनेटर मागे होते, ते भराभर वर आले. वर्तमानपत्रांनी लिहिले, जोडीदार असा निवडावा. सिग्ने ती कात्रणे भिंतीला लावी, पण मजकूर कधी पुरा वाचत नसे.

सप्टेंबरात शेजारच्या राज्यात एका जत्रेच्या मंचावर एनार सिनेटरच्या शेजारी उभा होता, आणि हजारो लोकांदेखत कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र देशभर छापून आले. एनार फळ्यांवर पडलेला, आणि सिनेटर एक पाऊल मागे सरकलेले. दचकून कोणीही मागे सरतो. पण छायाचित्रात दचकणे दिसत नाही, मागे सरणे दिसते. प्रचारकचेरीने सांगितले, ऊन लागले. त्या दिवशी आभाळ गच्च भरलेले होते. हवामानाच्या बाबतीत शेतकऱ्याला फसवायला जाऊ नये. चौथ्या दिवशी खरे काय ते बाहेर आले.

सिनेटर म्हणाले, एनार शेवटपर्यंत माझ्याबरोबर राहील. हा शेवट नऊ दिवसांत आला. त्यांनी एनारला माघार घ्यायला लावली आणि बर्क नावाच्या दुसऱ्या गृहस्थाला घेतले. आता लोक दोन्हीकडून चिडले. काहींना आजाराची धास्ती वाटली. ज्याला एक माणूस पारखता आला नाही तो देश काय सांभाळणार, असे ते म्हणू लागले. बाकीच्यांचे म्हणणे गुंडर लीनने सांगितले. त्याने दोन्ही बिल्ले काढून माझ्या फळीवर ठेवले.

"फिट येते त्याचं काही नाही, सिग्ने. माझ्या मेहुण्याला येते. आम्हाला सांगितलं असतंत तर आम्ही काय खाल्लं असतं तुम्हाला? पण सिनेटरनं धरला आणि सोडला, ते वाईट. उद्या आम्हालाही असाच सोडेल."

नव्या चकत्यांचे खोके घेऊन हॅरिगन स्वतः आला. खोलीत सिग्ने एकटीच होती. तो आवाज न चढवता बोलला, तेच जास्त लागले. "मी तुम्हाला विचारलं होतं, मिस टोलफसन. घरच्यांनीच अंधारात ठेवलं तर आम्ही कुठे बघायचं?" तो गेल्यावर सिग्नेने नवी चकती हातात घेतली. वर व्हिटकम, खाली बर्क. ती तिला साच्यात ठेवता येईना. मग ती माझ्या दांड्यावर कपाळ टेकून म्हणाली, "एनारला यातलं कळता कामा नये. मला विचारलं होतं, आणि मी घालवलं त्याचं सगळं."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना एनार आला. त्याने कोट काढला, खोके फोडले आणि माझ्यासमोर बसला. वाटी, चकती, पापुद्रा. आपल्या जागी आलेल्या माणसाचे नाव त्याने स्वतःच्या हाताने साच्यात ठेवले आणि दांडा ओढला. मित्रांनो, त्या दिवशी आपण अडकावे, मोडावे असे मला फार वाटले. पण सिग्नेने मला इतके जपले होते, इतके तेल दिले होते, की मी लोण्यासारखा चाललो. पहिला बिल्ला त्याने आपल्याच सदऱ्याला लावला. मग तो दाबता दाबता स्वतःशी बोलू लागला. तिथे आमच्या दोघांखेरीज कोणी नव्हते.

"सिनेटरनं मला स्वतः विचारलं होतं, तब्येत कशी? मी म्हटलं, बैलासारखी. एवढंच बोललो. हॅरिगनलासुद्धा ते माहीत नसेल. सिग्नेनं जन्मभर झाकलं, आणि मी एका शब्दात तिला मान खाली घालायला लावली. तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

दुपारी सिग्ने आली आणि दारातच थबकली. "तू कशाला करतोस हे?"

"पक्षाचं काम आहे. कुणीतरी करायलाच हवं."

तिने दुसरे स्टूल ओढले आणि पिना लावायला बसली. तो वाटी ठेवी, ती पिन ठेवी. चारशे बिल्ले झाले. माझ्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. दोघांची गोष्ट एकच होती, आणि ती मला माहीत होती. एकाच्या उत्तराचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. दोघांनाही विचारले गेले होते, दोघांनीही फिट लपवली होती. एवढे एक वाक्य कोणी बोलले असते तर दोघांचा भार निम्मा झाला असता. मी खाली गेलो आणि वर आलो. मला तेवढेच येते.

नोव्हेंबरात सिनेटर हरले. आमचे राज्यही थोडक्यात गेले. कोणी लिहिले, आजारी जोडीदार घेतल्याने हरले. कोणी लिहिले, त्याला सोडल्याने हरले. टोपली तशीच भरलेली राहिली.

एनारने गव्हर्नरपदाची मुदत पुरी केली आणि तो शेतावर परतला. दर रविवारी चर्चनंतर तो सिग्नेकडे कॉफीला जाई. पाऊस, मका, शेजाऱ्याचे कुत्रे, यांवर दोघे बोलत. हे मला सिग्नेच्याच तोंडून कळे, कारण माझे साचे पुसायला ती येत राहिली. अकरा वर्षांनी एनार गेला. त्याला दफन करून ती सरळ माझ्याकडे आली, काळ्या कपड्यांतच खोक्यावर बसली आणि म्हणाली, "त्यानं मला कधी एका शब्दानंही दोष दिला नाही. तेच सोसवत नाही." त्याने दोष का दिला नाही, ते मला ठाऊक होते. चार वर्षांनी तीही गेली. कचेरी बंद झाली, आणि मला इथे तळघरात आणून ठेवले.

आता माझे साचे गंजले आहेत. गंजासाठी मी तुमच्याजवळ काही मागत नाही. माझी विनंती वेगळी आहे. ज्याच्याशी तुम्ही रोज फक्त पाऊसपाण्याचे बोलता, असे एखादे माणूस तुमच्या घरात असेल. आज त्याच्याजवळ बसा आणि आपली चूक आधी सांगा. सिग्ने आणि एनार यांच्यामध्ये जेमतेम हातभर अंतर होते, आणि तेवढ्या जागेत मी उभा होतो, सगळे ठाऊक असलेला.