शिमग्यात उतरणारी छत्री

नियम आला तेव्हा मी नियमाच्या बाजूची होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तो समोरचा दुकानदार दर्शन सगळीकडे सांगत सुटलाय की राजश्रीकाकी पहिल्या दिवसापासून पालिकेच्या मागे हात धुऊन लागली होती. तसं काही नाही. आमच्या जुन्या पेठेत फ्लेक्सनी नुसता उच्छाद मांडला होता. एकेका दुकानावर चार चार, आणि त्यात मालकाचा मोबाइल कानाला लावलेला फोटो. मागचा जांभा दिसेना, कमानी दिसेनात. पालिकेने पेठेला वारसा म्हणून जाहीर केलं आणि सगळे फ्लेक्स काढायला लावले, तेव्हा काढणाऱ्या माणसांना मी स्वतः चहा पाजला.

मग नियमाचा दुसरा भाग आला आणि माझं डोकं फिरलं.

दुकानाला पाटी एकच. लाकडी, तपकिरी, पांढऱ्या अक्षरांची, दारावर भिंतीला चिकटवून. भिंतीच्या बाहेर, रस्त्यावर काहीही लोंबता कामा नये. ज्यांच्या जुन्या पाट्या आधीपासून लोंबताहेत त्यांना सूट. त्या आहेत तशा राहू द्यात, पण एकदा खाली उतरवली की परत वर चढवायची नाही.

माझं दुकान छत्र्यांचं. विकतेही, पण खरं काम दुरुस्तीचं. कोकणात छत्री दुरुस्त करणाऱ्याला मरण नाही असं बाबा म्हणायचे, आणि अजून तरी ते खोटं पडलेलं नाही. दुकान मात्र बघाल तर एक माणूस आडवा झोपला तर पाय बाहेर येतील एवढं. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला कापडवाला, दोघे पुढे आलेले आणि मी मध्ये आत दबलेली. माझ्या दारावर कितीही सुंदर पाटी चिकटवा, समोर उभा राहील त्यालाच दिसणार. म्हणून तर बाबांनी, म्हणजे भिकाजींनी, पत्र्याची छत्री बनवली. घासलेटच्या डब्यांचा पत्रा कापून, खऱ्या काड्या घालून, काळी रंगवलेली, मूठ लाल. भिंतीतून एक लोखंडी गज बाहेर आलाय, त्याच्या आकड्याला ती टांगलेली असते. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की दिसते. जयगडच्या कोळणी घरादाराच्या मोडक्या छत्र्या बगलेत मारून एसटीतून उतरतात, मान वर करतात आणि सरळ माझ्याकडे येतात. त्यातल्या अर्ध्याजणींना माझं नाव ठाऊक नाही. छत्री ठाऊक आहे. मध्ये एकदा रंगवायला म्हणून काही दिवस उतरवली होती, तर बायका म्हणे दुकान बंद पडलं समजून परत गेल्या.

बाबांचं माझ्याकडे राहिलंय ते एवढंच. फोटो आहे तो म्हातारपणीचा, रेशन कार्डासाठी काढलेला, त्यात ते चोरासारखे दिसतात.

पालिकेकडून पेठेचं काम बघायला आली ती सानिका. मुलगी इथलीच, वरच्या आळीतली, शिकायला पुण्याला होती. वागायला चांगली, पण फाइल उघडली की माणूस बदलतं. मी तिला विचारलं, "अगो, पण बाहेर लोंबायला नको हे ठरवलं कोणी?"

"कोणी मनाने नाही ठरवलं काकी," ती म्हणाली. "पेठ मुळात जशी होती तशी करायचीय. चला, दाखवते."

गल्लीच्या तोंडाशी पालिकेने एक मोठा फलक लावलाय. 'आपली मूळ पेठ' असं वर लिहिलंय आणि खाली जुना काळापांढरा फोटो. मुंबईतल्या कुणा हौशी माणसाकडून मिळालेला, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा. कमानी, कौलं, जांभ्याच्या भिंती. पाटी म्हणून एक नाही. भिंती कशा, सारवून ठेवल्यासारख्या मोकळ्या, मधूनमधून नुसते गज.

"बघा," सानिका म्हणाली. "लोंबतं काहीच नाही."

मी बघत राहिले. छत्री बाबांनी माझ्या जन्माच्या आधी टांगली, हे मला पक्कं माहीत. मग फोटोत का नाही? पण फोटोशी भांडायचं कसं? मी म्हटलं, "बरं, सूट आहे ना. मग मी उतरवतच नाही. विषय संपला." आणि तरातरा परत आले.

विषय कसला संपतोय. मला शिमग्याची आठवणच राहिली नव्हती.

आमची गल्ली अरुंद. शिमग्यात देवाची पालखी हिच्यातून जाते आणि नुसती जात नाही, नाचते. खांद्यावरून वर जाते, डोक्याच्या वर फिरते. म्हणून पालखीच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी आपापल्या लोंबत्या पाट्या उतरवायच्या, धुवायच्या, पायरीवर मांडायच्या. पालखी दाराशी येते, पाटीवर गुलाल पडतो, आपण नारळ देतो. पालखी पुढे गेली की ढोल ऐकू येतायत तोवर पाटी परत आकड्याला लावायची. ढोल विरला आणि पाटी खालीच राहिली तर वर्ष खाली बसतं, असं पेठेत मानतात. माझ्या आठवणीत कोणाची राहिलेली नाही.

आणि नियम म्हणतो, उतरवली की गेली.

पहिला आला तो दर्शन. समोर त्याचं कोकम, आंबापोळी, फणसपोळीचं दुकान. त्याची पाटी लाकडी फणसाच्या आकाराची, त्याच्या आजोबांची. तो म्हणाला, "काकी, आम्ही सगळ्यांनी बोलून ठरवलंय. सदूभाऊंना सांगू, ह्या वर्षी पालखी मोठ्या रस्त्याने न्या."

सदूभाऊ म्हणजे पालखीचे मानकरी.

"म्हणजे देवाला बायपास?" मी म्हटलं.

"तसं नाही काकी, पण..."

"तसंच आहे. तुझ्या लाकडी फणसासाठी देव वळसा घालणार. आणि पुढच्या वर्षी? आणि त्याच्या पुढच्या? एकदा पालखी मोठ्या रस्त्याला लागली की परत ह्या बोळात कोण आणतोय तिला?"

"मग तुम्ही उतरवणार छत्री?"

मी त्याला म्हटलं, जा, गिऱ्हाईक उभं आहे. गिऱ्हाईक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी पालिकेत गेले. सानिकासमोर बसले आणि म्हटलं, एका दिवसाची परवानगी दे, सकाळी उतरवू, पालखी गेली की चढवू. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला पटलं होतं, तोंडावर दिसत होतं.

"काकी, माझ्या हातात नाही. नियम समितीचा. बैठक आता पावसाच्या तोंडाला. आणि त्या दिवशी पेठेचे फोटो काढायला मीच येणार आहे. उतरवलेली पाटी परत चढली तर मला नोंद करावी लागेल."

"करावी लागेल म्हणजे करणार?"

"करणार," ती म्हणाली. मान खाली घातली नाही, हे मला आवडलं. राग आला तो आलाच.

घरी येऊन मी जेवले नाही. छत्री गेली तर दुकान गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि पालखी वळली तर बाबांनी जन्मभर जे केलं ते माझ्या हातून मोडणार, हेही दिसत होतं. रडूही आलं, खोटं कशाला सांगू. मग उठून भात गरम केला आणि जेवता जेवता माझं ठरलं. दोन्ही करायचं. उतरवायचीही आणि चढवायचीही, सानिकाच्या डोळ्यांदेखत. मग काय करायचं ते करा म्हणावं.

पालखीच्या दिवशी सकाळी गल्लीत एक पाटी खाली आलेली नव्हती. सगळे आपापल्या दारात हाताची घडी घालून उभे. दर्शन आभाळाकडे बघत होता. औषधाच्या दुकानापाशी सानिका, हातात मोबाइल. ढोल जवळ आला आणि गल्लीच्या तोंडाशी थांबला. सदूभाऊंनी आत बघितलं, वर लोंबणाऱ्या पाट्या बघितल्या आणि हात वर करून खांदेकऱ्यांना थांबवलं. पालखी तिथेच खांद्यावर हलत राहिली.

मी पदर खोचला, आतून शिडी आणली, भिंतीला लावली आणि चढले. गुडघे कुरकुरले. छत्रीचा आकडा गंजून बसला होता, दोन हिसके दिले तेव्हा सुटला. खाली आणली, ओल्या फडक्याने पुसली, पायरीवर मांडली. मग वळून दर्शनला म्हटलं, "शिडी हवी का रे तुला?"

"आहे माझ्याकडे," तो म्हणाला. जरा चिडूनच म्हणाला. पण आत गेला आणि घेऊन आला. फणस खाली आला. मग कापडवाल्याची लाकडी कात्री, मग पलीकडच्या सोनाराची पाटी, मग सगळ्याच. ढोल पुन्हा सुरू झाला.

पालखी नाचत माझ्या दाराशी आली. मी नारळ दिला. सदूभाऊंनी विचारलं, "काय गाऱ्हाणं घालायचं, राजश्री?"

"ज्या पाट्या उतरल्या त्या चढू देत, एवढंच घाला."

सदूभाऊंनी नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, ह्या पेठेतल्या तुझ्या लेकरांनी आज तुझी वाट मोकळी केलेली हाय..."

"व्हय म्हाराजा," गल्ली म्हणाली.

"तुझ्यासाठी ज्या पाट्या खाली आल्या, त्या तुझ्या पाठीमागं जागच्या जागी चढू देत..."

"व्हय म्हाराजा."

"आनि जो कोन आडवा येल, त्येची समजूत तूच घाल..."

"व्हय म्हाराजा."

ह्या शेवटच्या वेळी माझ्या कानाशीच एक बारीक आवाज आला. वळून बघते तर सानिका. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. पण लहानपणापासून जे तोंडात बसलंय ते फाइलीला विचारून थोडंच बाहेर येतं?

पालखी पुढे सरकली. ढोल अजून ऐकू येत होता. मी गुलालाने लाल झालेली छत्री उचलली, शिडी चढले आणि आकड्याला लावली. खाली येऊन सानिकासमोर उभी राहिले.

"कर नोंद," मी म्हटलं. "उतरवली आणि परत लावली. नाव राजश्री, छत्रीवाल्या भिकाजींची मुलगी. पुढच्या वर्षीही असंच लिहायला लागेल तुला, आत्ताच सांगून ठेवते."

तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती गल्लीच्या भिंतींकडे बघत होती. बाकीच्यांच्या पाट्या अजून पायऱ्यांवरच होत्या, वर नुसते मोकळे गज. मग तिने मोबाइलवर काहीतरी शोधलं, बघितलं, पुन्हा भिंतींकडे बघितलं.

"काकी," ती म्हणाली, "फलकावरचा फोटो अर्धा आहे. भिंती नीट दिसाव्यात म्हणून खालचा भाग मीच कापला होता. गर्दीच होती नुसती. हा पूर्ण बघा."

मी चष्मा लावला. त्याच भिंती, त्याच कमानी. आणि खाली माणसंच माणसं, कडेला पालखीचा दांडा. प्रत्येक पायरीवर पाटी मांडलेली. लाकडी फणस ओळखू आला. सानिकाने बोटांनी फोटो मोठा केला आणि माझ्या दारावर आणला.

तिथे एक तरणाबांड माणूस होता. सदरा गुलालाने माखलेला, काखेत पत्र्याची छत्री. पालखी पुढे निघाली होती आणि तो तिच्याकडे मान वळवून बघत होता.

सानिकाने हळूच विचारलं, "बाबा?"

मी मान डोलावली.

ढोल विरायच्या आत बाकीच्यांनीही आपापल्या पाट्या चढवल्या. सानिकाने नोंद केली. मला वाचून दाखवली. पाट्या उतरवल्या, पालखीनंतर परत लावल्या, ही पेठेची जुनी रीत आहे, सोबत पुरावा म्हणून पूर्ण फोटो. समिती काय म्हणेल ते सांगता येत नाही म्हणाली. म्हणू दे काय म्हणायचं ते. आठवड्याभरात तिने गल्लीच्या तोंडाशी तो फलक बदलून पूर्ण फोटोचा लावला, तेवढं तिच्या हातात होतं.

आता जयगडच्या बायका आल्या की मी त्यांना आधी तिकडे पाठवते. फोटोत बाबांचा एक पाय जमिनीवर आहे आणि दुसरा शिडीच्या पहिल्या पायरीवर.