मेली का पाह्याले

मले त्या घड्याळाचा राग नाही. राग आहे तो पोराचा. छातीत दुखलं म्हणून मले नागपूरले नेलं, काळजाच्या नळीत स्प्रिंग टाकली, आन् घरी येतायेता भूषणनं माह्या मनगटाले ते काळं घड्याळ बांधलं. माहे ठोके म्हणे पुण्यात त्याच्या मोबाईलवर दिसतेत. मी पडली, नाहीतर लाल बटन दाबलं, तर त्याले आन् शेजारच्या एका माणसाले संगंच फोन जाते.

आन् ह्या शहाण्यानं शेजारी म्हणून नंबर कोणाचा द्यावा? वासुदेवरावचा!

अख्ख्या कोंढा गावाले माहीत आहे, का आमच्या दोन घरांत नालीवरून भांडण आहे. भूषणचे बाबा होते तोवर मी त्या माणसाले भाऊजी म्हणत होती. ह्यायच्या तेरवीले बी तो आला नाही, तवापासून भाऊजी म्हणणं बंद. "अरे, मरण पत्करीन, पण त्याचे उपकार नको," मी पोराले सांगतलं. तर म्हणे, "आई, दिवसभर घरी राहणारा तोच एक आहे. बाकी सारे वावरात असतेत."

झालं! त्या घड्याळाले माहं धुणं समजत नाही. गोट्यावर लुगडं आपटलं, का त्याले वाटे मी पडली. मंग फाटक वाजे, आन् काठी टेकत म्हातारा माह्या अंगणात हजर.

"मेली का वं?"

"तुमच्या आधी नाही मरत!"

"मंग कायले फोन करतं? माहा चहा थंडा झाला."

"मी नाही केला, घड्याळानं केला. निघा इथून!"

दर धुण्याले हेच. एकदा तर तोंडावर म्हणे, "मी मेली का पाह्याले येतो. तू गेली का नाली माही." माह्या अंगाची आग आग झाली. धुताना घड्याळ काढून ठेवलं, तर भूषण पुण्याहून ओरडे.

त्या सोमवारी सकाळी उठून पाह्यलं, तर नालीचं घाण पाणी तुळशीपर्यंत भरलेलं. नालीत विटा कोंबलेल्या. माहं डोस्कंच फिरलं. त्याच्या दारात तर मी जाणार नव्हती. म्हटलं, थांब म्हाताऱ्या, तुलेच इथं आणते. आन् मी लाल बटन दाबलं. शिव्या तयार ठेवून फाटकाकडे तोंड करून उभी राह्यली.

भिंतीपलीकडे त्याचा फोन वाजला. वाजत राह्यला. बंद झाला, पुन्हा वाजला.

"ये ना रे! रोज तर पळत येतं, आज काहून येत नाही?" मी भिंतीकडे पाहून ओरडली. तिकडे फोन वाजूनच राह्यला होता.

तशीच घाण पाण्यातून त्याच्या घरी गेली. दार उघडं होतं. वासुदेवराव पडवीत पालथा पडला होता. तोंड एका बाजूले वाकडं, काठी तिकडे दूर. एकाच पायात चप्पल. एका हातानं अंग ओढत तो दाराकडे सरकून राह्यला होता. दुसऱ्या हाताजवळ फोन पडला होता, त्यावर माहं नाव.

तेवढ्यात माहा मोबाईल वाजला. "आई! काय झालं तुले?" भूषण रडाले आला होता.

"मले काही झालं नाही रे. वासुदेवरावले लकवा मारला. ॲम्बुलन्सले फोन लाव, लवकर लाव!"

मी खाली बसली, त्याचं डोस्कं मांडीवर घेतलं. त्यानं डोळे वर केले. अर्ध्या तोंडानं कसंबसं बोलला, "मे... मेली का?"

मले रडूच फुटलं.

"नाही मेली, भाऊजी," मी म्हटलं. "मी तर भांडाले बोलावलं होतं."