नावाने हाक

“अवो!” सोनुबाईने हात हलवत पुन्हा हाक मारली.

कुंभिवलीला हायवेच्या मधल्या दुभाजकावर तिचा नवरा उभा होता. पायात चप्पल नाही, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. दोन्ही अंगांनी ट्रेलर धडधडत जात होते. गेल्या वर्षापासून त्याला माणसं ओळखू येईनाशी झाली होती, आणि आज सुनेने चहा ठेवला तेवढ्यात तो घरातून निघून गेला होता. सोनुबाईच्या ‘अवो’ला टपरीवरच्या चार पुरुषांनी माना वळवल्या. त्याने नाही.

“मामा! थांबा तितंच!” सून हर्षलाही ओरडली. त्याचं लक्षच नव्हतं.

“आत्या, नावानं हाक मारा त्यांना.”

“मी? येडी झालीस काय गं?”

राजाराम हे नाव तिने पन्नास वर्षांत एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात, तेही सासूने चिमटा काढला म्हणून. पुढे त्याच सासूने बजावलं होतं, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. तेव्हापासून सोनुबाईने राजा हा शब्दच टाकला. पत्त्यांतला राजा तिच्या लेखी ‘दाढीवाला’, गोष्टीतला ‘गादीवाला’. नातवंडं मुद्दाम पत्ता नाचवत ‘आजी, हा कोण?’ विचारायची आणि हसून लोळायची. पोटच्या पोरालाही तिने कधी ‘माझ्या राजा’ म्हणून कुरवाळलं नाही, ‘सोन्या’वर भागवलं. याचं मात्र तिला वाईट वाटायचं.

राजारामने एक पाय खाली रस्त्यावर टाकला. ट्रेलर अगदी जवळ आला होता.

“राजाऽऽ!”

पुढचा ‘राम’ घशातच राहिला. पण त्याचा पाय परत वर गेला. ट्रेलर भोंगा वाजवत निघून गेला. हर्षलाने हात दाखवून मागच्या गाड्या थांबवल्या आणि दोघी धावत दुभाजकापाशी पोचल्या.

मार पडणार असल्यासारखा तो मान खाली घालून उभा होता.

“आई, मी लांब नाय गेलो.”

“मामा, या आई नायत, या तुमच्या—”

सोनुबाईने सुनेचा दंड घट्ट दाबला. तिला तिथेच बसून रडावंसं वाटत होतं, पण गाड्या थांबून राहिल्या होत्या.

“चल रं राजा,” ती म्हणाली. “भात निवतोय.”

त्याने तिचा पदर मुठीत धरला आणि निमूट रस्ता ओलांडला. टपरीपाशी आल्यावर तो थांबला, हर्षलाकडे चोरून बघत त्याने आवाज बारीक केला.

“आई, सोनूला सांगू नको हां, मी वाट चुकलो ते. रडत बसंल ती.”

पन्नास वर्षं त्याने तिला ‘अगं’शिवाय हाक मारली नव्हती.

“नाय सांगत,” सोनुबाई म्हणाली.